आर्मीच्या जुन्या निसान वन-टनमध्ये डिझेल इंजिन टाकायचं आहे, कोणतं बसेल? नागपूर

संत्र्याचा_मळा

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक लिहून राहिलो पण पूर्ण वाचाल अशी विनंती, कारण अर्धवट माहितीवर लोक अर्धवट सल्ला देतात आणि मग काम आणखी गुंतते.

काटोल रोडला फेटरीच्या पुढे आमची शेती आहे, संत्रा आणि थोडी तूर. मार्च महिन्यात सिवनीजवळच्या एका शेतकऱ्याकडून मी निसान वन-टन घेतली, आर्मी डिस्पोजलची, जबलपूरला बनलेली. त्यांच्या वडिलांनी लिलावात घेतली होती, मग एमपी पासिंग करून लाकूड वाहायला वापरली आणि शेवटची नऊ वर्षं ती चिंचेच्या झाडाखाली उभी होती. आरसी बुक आहे, मुदत संपलेलं. डॅशवरच्या प्लेटवर १९७४ साल दिसते.

घेण्याचं कारण असं की बाबा एएससीमध्ये ड्रायव्हर होते, २२ वर्षं नोकरी. आधी शक्तिमान ट्रक चालवली मग बरीच वर्षं निसान. आता वय ७६, गुडघे दुखतात, फारसे बाहेर पडत नाहीत. ज्या दिवशी ट्रेलरवरून गाडी उतरवली त्या दिवशी ते काठी बाजूला ठेवून गाडीभोवती दोन चकरा मारून आले, बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाले हिचा चोक किती ओढायचा ते मला अजून आठवते. मी तिथंच ठरवलं की ही गाडी भंगारात जाणार नाही.

आता गाडीची हालत. चेसिस ठोकून पाहिली, आवाज चांगला आहे, फक्त मागच्या क्रॉस मेंबरला एका जागी गंज खाल्ला आहे. केबिनचा पत्रा पायाखाली पूर्ण गेला. हौदाच्या फळ्या सडल्या. गियर पडतात, फोर बाय फोरचा दांडा हलतो. इंजिन मूळचंच, ६ सिलेंडर पेट्रोल ३९५६ सीसी, पण ब्लॉकला वॉटर जॅकेटच्या बाजूनं तडा आहे, कोणीतरी आधी वेल्डिंग केलेलं, तेही सुटलं. हेड उघडलं तर दोन पिस्टन जाम आणि एका बोअरमध्ये पाण्याचे खड्डे पडलेले. चालत होती तेव्हा लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर द्यायची असं तो शेतकरी सांगत होता आणि बाबाही तेवढंच सांगतात.

म्हणून डिझेल टाकायचा विचार करून राहिलो. डोक्यात चार इंजिनं आहेत. टाटा ४०७ चं, ईचर कँटरचं, बोलेरोचं डीआय, नाहीतर स्कॉर्पिओचं एमहॉक. वापर म्हणजे शेतात, पावसाळ्यात काळ्या मातीत जिथं आपला ट्रॅक्टरही बसते, कधीमधी रामटेकपर्यंत, आणि एकदा बाबांना घेऊन कुरई घाटातून जबलपूरला जायचं आहे, जिथं ही गाडी बनली तिथं. वेगाची काही घाई नाही. ज्यांनी असं काम केलं आहे त्यांनी सांगावं, कोणतं इंजिन घेऊ आणि सुरुवात कुठून करू?

रंग अर्थातच मूळ आर्मीचा हिरवा देणार.

रेव्ह_लिमिट

दादा काय गाडी मिळाली तुम्हाला, खरंच अभिनंदन. माझं मत विचाराल तर डोळे मिटून एमहॉक. २१७९ सीसी, १२० हॉर्सपॉवर, कॉमन रेल, आवाज कमी, ॲव्हरेज चांगलं, आणि अपघाती स्कॉर्पिओची इंजिनं गियरबॉक्ससकट मिळतात. मूळ पेट्रोल ११० च्या आसपास होतं म्हणजे पॉवरमध्ये पण बरोबरी. ४०७ चं इंजिन टाकलं तर पाठीत धक्के बसतील आणि आवाजानं बाबांना त्रास होईल.

वाडीचा_मिस्त्री

भाऊ एमहॉक इंजिन चांगलं आहे, त्यात वाद नाही, मी त्याचे किती तरी उघडले. पण ते या गाडीत टाकू नको आणि काहून ते नीट सांगतो.

पहिली गोष्ट, हॉर्सपॉवरचा आकडा पाहून इंजिन निवडत नाही. तुझं निसानचं सहा सिलेंडर हे खालून ओढणारं इंजिन होतं, हजार-बाराशे आरपीएमलाच त्याचा जोर यायचा आणि तीन हजाराच्या वर थोडं गेलं की संपलं. गाडीचे गियर, क्राउन-पिनियन, सगळं त्या हिशोबानं ठेवलेलं आहे. एमहॉकचा जोर टर्बो भरल्यावर येते. तू काळ्या मातीत पहिल्या गियरमध्ये हळूहळू चालला, चाक रुतलं, आरपीएम पडला, की टर्बो गेला आणि मागं उरलं फक्त सव्वादोन लिटरचं इंजिन अडीच-तीन टनाची गाडी ओढायला. रस्त्यावर पळवायची असती तर गोष्ट वेगळी होती.

दुसरी गोष्ट वायरिंग. कॉमन रेल, म्हणजे डिझेलची फवारणी कॉम्प्युटरवर चालणारं इंजिन, आलं की ईसीएम (तोच कॉम्प्युटर), पूर्ण हार्नेस, क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, इलेक्ट्रॉनिक पेडल, चावीचा इमोबिलायझर, हे सगळं त्याच गाडीचं पाह्यजे, एक वायर कमी आली तर इंजिन लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे जोर कमी करून रेंगाळते. आणि शेतात उंदीर असतात हे तुला मी काय सांगू. फेटरीच्या पुढं पावसात गाडी बंद पडली तर लॅपटॉप घेऊन कोण येणार? साधा पंप-नोझलवाला इंजिन असला तर डिझेल पोचलं आणि एअर निघाली की चालू, एवढंच पाहावं लागते.

बोलेरोचं डीआय २५२३ सीसी, मजबूत आहे पण या गाडीला कमजोर पडते, घाटात दुसऱ्या गियरच्या वर येणार नाही. त्यामुळं माझ्या हिशोबात दोनच उरले. टाटाचं ४९७, म्हणजे ४ सिलेंडर आणि ९७ चा बोअर, २९५६ सीसी, हेच ४०७ मध्ये येते. आणि ईचर कँटरचं ३२९८ सीसी, मूळ मित्सुबिशीचं डिझाइन, १०० चा बोअर १०५ चा स्ट्रोक. दोन्हीचे पार्ट नागपूरच्या वाडीत उभ्या उभ्या मिळतात. मी असतो तर कँटर घेतलं असतं, कारण सीसी जास्त आणि खालचा जोर चांगला, आणि टर्बो नसलेलं मिळालं तर आणखी बरं, कमी गरम होते. कोणी तुला टाटाचं ६९७ सहा सिलेंडर सांगीन, ५६७५ सीसी, ते ऐकू नको. ते दहा टनाच्या गाडीचं इंजिन आहे, वजनानं पुढचे पाटे बसतील आणि लांबीत रेडिएटरला जागाच उरणार नाही.

पण यातलं कोणतंही विकत घ्यायच्या आधी गाडीखाली शिर आणि एक गोष्ट पाहून सांग. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा डबा, गियरबॉक्सला चिकटून आहे का मधात छोटा शाफ्ट आहे? त्याच्यावर अर्धं काम ठरते.

जोंगा_ताई

संत्र्याचा मळा, तुमच्या बाबांबद्दल वाचून फार छान वाटलं. मी आणि माझ्या भावानं मिळून जोंगा, म्हणजे आर्मीची निसान जीप, उभी केली आहे, तेच निसान पेट्रोल इंजिन, त्यामुळे काही गोष्टी अनुभवानं सांगते. मिस्त्रीकाकांनी इंजिनाचं सांगितलं ते पटलं पण तुम्ही इंजिनाला एक रुपया द्यायच्या आधी कागद बघा. आम्ही उलट केलं होतं आणि आठ महिने गाडी तयार असून शेडमध्ये उभी राहिली.

आरसीवर इंजिन नंबर आणि इंधन दोन्ही लिहिलेलं असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं म्हणतं की आरसीवरच्या गोष्टी बदलतील असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण हेच स्पष्ट केलं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत. म्हणजे पेट्रोलचं डिझेल करणं ही "टाकलं आणि चालवलं" अशी गोष्ट नाही. आरटीओत आधी लेखी अर्ज करा, कोणतं इंजिन, कोणत्या गाडीतलं, किती सीसी, सगळं लिहून, आणि उत्तर पण लेखी मागा. काऊंटरवर कोणी तोंडी "होऊन जाईल" म्हटलं तर त्यावर विसंबून राहू नका, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले सगळ्यात आधी इंजिन नंबरच बघतात.

शिवाय तुमची गाडी एमपीची. तिथल्या आरटीओची एनओसी लागेल, फॉर्म २८. मग इथं नवा नंबर मिळवायला २७, मालकी बदलायला २९ आणि ३०, आणि खाजगी गाडी म्हणून नोंद असेल तर मुदत वाढवायला २५. आरसीवर गाडीचा वर्ग काय लिहिला आहे ते बघून सांगा, मालवाहू म्हणून असेल तर फिटनेस आणि टॅक्स वेगळा.

जुनं इंजिन कबाड्याकडून घेताना इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या आणि ज्या गाडीतून निघालं तिच्या कागदांची झेरॉक्स पण. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर त्रास तुम्हाला होईल.

आणि रंगाबद्दल, हे सांगताना मलाच वाईट वाटतं, पण ऑलिव्ह ग्रीन देता येणार नाही. सेंट्रल मोटर व्हेईकल रूल्सचा नियम १२१, संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणत्याही गाडीला तो रंग लावायला बंदी आहे. फौजेची बाणवाली नंबर प्लेट तर अजिबातच नाही. आम्ही जोंगाला मातकट रंग दिला.

पारडीकर

ताई पण गाडी १९७४ ची आहे ना, ५० वर्षं झाली. २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचा नवीन नियम आला, नंबरमध्ये व्हीए येते तो. त्यात रजिस्टर करून टाका, सगळी कटकट मिटली.

जोंगा_ताई

पारडीकर, तो नियम मी बारकाईनं वाचला आहे कारण आमच्या जोंगासाठी तोच विचार होता. दोन अडचणी आहेत. एक, त्यात दुचाकी आणि प्रवासी कारचा वर्ग घेतला आहे, मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. दुसरी, गाडी मूळ रूपात हवी, इंजिन, बॉडी, चेसिसमध्ये मोठा बदल केलेला चालत नाही, म्हणजे डिझेल टाकलं की तो रस्ता तसाही बंद. आणि विंटेज नंबरची गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा ठरावीक कामासाठीच. त्यामुळे यांच्या उपयोगाचा नाही तो.

आम्ही शेवटी पेट्रोलच ठेवलं. ब्लॉक चांगला होता म्हणून जमलं, स्लीव्ह टाकले, क्रँक ग्राइंड केली. तुमचा ब्लॉक तडकलेला आहे त्यामुळे तुमची परिस्थिती वेगळी, हे मान्य.

कामठीचा_ईएमई

जय हिंद. मी ईएमईतून, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमधून, रिटायर झालो, आता कामठीला असतो. निसान वन-टनवर माझ्या आयुष्याची बरीच वर्षं गेली आहेत त्यामुळे राहवलं नाही. आधी बाबांना माझा रामराम सांगा.

सगळे इंजिनावर बोलत आहेत, मी तुम्हाला इंजिन विसरायला सांगतो, निदान पहिले तीन महिने. नऊ वर्षं उभी असलेली गाडी आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि नऊ वर्षांत त्या पाण्यानं व्हील सिलेंडर आतून खाल्ले असणार. चारही ड्रम उघडा. सिलेंडरला खड्डे असतील तर नुसते किट बदलू नका, स्लीव्ह टाकून घ्या नाहीतर सिलेंडरच नवा लावा. लोखंडी ब्रेक पाइप सगळे काढून टाका, होस पाइप सगळे नवीन. मास्टर सिलेंडर एकाच सर्किटचा असेल तर आजच्या काळात त्याच्यावर भरवसा ठेवू नका, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन सर्किटवाला टँडम मास्टर बसवा, कुरई घाट उतरायचा आहे तुम्हाला. ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ओल्या कापडानं पुसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कृपया हलक्यात घेऊ नका. चाकाची रिम बघा. दोन तुकड्यांची, नटांनी जोडलेली असेल, तर त्यात नटांच्या दोन रांगा असतात. एका रांगेनं चाक हबला धरलेलं असतं आणि दुसऱ्या रांगेनं रिमचे दोन भाग एकमेकांना. टायरमध्ये हवा असताना दुसऱ्या रांगेचे नट सैल केले तर रिम बॉम्बसारखी फुटते, माणूस वाचत नाही. आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या, मगच पाना लावा. आणि त्या रांगेचे नट लाल रंगानं रंगवून ठेवा म्हणजे उद्या पंक्चरवाल्याच्या पोराला पण कळेल. तुमच्या बाबांना हे माहीत असणार, विचारा त्यांना.

पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिला वेल्डिंग करू नका. वाफ राहते आत. गंज असेल तर टाकी डिझेलसाठी नवीनच बनवा, रिटर्न लाइनची जागा तशीही ठेवावी लागते, पेट्रोलच्या टाकीला ती नसते.

आणि एक विनंती. जुनं इंजिन भंगारात देऊ नका. ग्रीस लावून, झाकून, शेडमध्ये ठेवा. ब्लॉक तडकला आहे पण हेड, मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर, वॉटर पंप हे पुढे कोणाला तरी लागेल, आणि उद्या चांगला ब्लॉक मिळाला तर तुम्हालाच लागेल.

संत्र्याचा_मळा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहीन असं वाटलं नव्हतं. काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. ईएमई काकांचं रिमचं वाचलं तेव्हा ते लगेच म्हणाले की त्यांच्या कंपनीत एक जवान तसाच गेला होता, त्यांच्या डोळ्यासमोर. मला हे त्यांनी आजपर्यंत कधी सांगितलं नव्हतं. मी मागच्या आठवड्यात दोन चाकं काढली तेव्हा नशिबानं टायरमध्ये हवाच नव्हती.

आरसी पाहिली, मालवाहू म्हणून नोंद आहे. एनओसीसाठी सोमवारी सिवनीला जाऊन येतो. रंगाचं बाबांना सांगितलं, थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले नियम आहे तर आहे, फौजेचा रंग फौजेकडे राहू दे.

मिस्त्री काका, खाली शिरून मोजमाप घेतो आणि कळवतो. पण एक विचारायचं होतं, समजा ट्रान्सफर केस चिकटलेला निघाला तर काय आणि वेगळा निघाला तर काय? आणि गाडी किती पळेल याचा अंदाज आधी लावता येते का?

वाडीचा_मिस्त्री

येते ना. मागची दोन्ही चाकं उचल, न्यूट्रलमध्ये ठेव, ट्रान्सफर हायमध्ये, शाफ्टला खडूनं खूण कर आणि दोन्ही चाकं मिळून एक चक्कर फिरव, शाफ्ट किती फिरते ते मोज. तेवढा तुझा रेशो. समज ४.८८ निघाला आणि टायरचा परीघ २.६ मीटर, तर २८०० आरपीएमला, टॉप गियर डायरेक्ट धरून, साधारण ९० चा स्पीड येते. हा फक्त हिशोब समजावा म्हणून घेतलेला आकडा आहे, तू तुझा काढ. डिझेलला रोज २८०० वर चालवत नाही, दोन हजार-बावीसशेवर आरामात चालते म्हणजे ६५-७०. तुला तेवढंच पाह्यजे.

ट्रान्सफर केस वेगळा असला तर सोपं. इंजिन आणि त्याचाच गियरबॉक्स एकत्र बसव, मागून छोटा शाफ्ट बनवून ट्रान्सफरला जोड. फायदा असा की डिझेलचे झटके त्याचाच गियरबॉक्स खाते. सहा सिलेंडर पेट्रोल मुलायम चालते, त्याच्यासाठी बनवलेला पन्नास वर्षं जुना गियरबॉक्स चार सिलेंडर डिझेलच्या मागं लावला तर दात जातात. फक्त शाफ्टचे दोन्ही टोकांचे कोन सारखे आले पाह्यजे आणि दोन्ही योक एका सरळ रेषेत, नाहीतर चाळीसच्या वर गाडी थरथर करते आणि शाफ्टचे सांधे (क्रॉस) दर महिन्याला बदलत बसशील. शाफ्ट बॅलन्स करून घेजो.

चिकटलेला असला तर जुना गियरबॉक्स ठेवावा लागते आणि मग ॲडॉप्टर प्लेट. इथं लोक मार खातात. साध्या खरादवर अंदाजानं भोकं पाडतात, बोल्ट बसले म्हणजे झालं असं समजतात. क्रँकचं सेंटर आणि गियरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सेंटर एका रेषेत पाह्यजे, फरक एक दशांश मिलीमीटरच्या आसपासच चालते. फ्लायव्हीलवर डायल गेज लाव, क्रँक फिरव, बेल हाऊसिंगच्या गोल भोकात चारी बाजूनं वाच, मग प्लेटला डॉवेल पिन मार. हे केलं नाही तर गियर निघणार नाही, पायलट बेअरिंग खाईल, इनपुट शाफ्टचं बेअरिंग खाईल, आणि तू म्हणशील क्लच प्लेट खराब आली. क्लच प्लेटचे स्प्लाइन गियरबॉक्सचे आणि बाहेरचं माप फ्लायव्हीलचं, अशी प्लेट बनवून मिळते, घाबरू नको.

आता मोजमाप काय काय घ्यायचं ते लिहून घे. सगळ्यात आधी चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी. पुढं डिफरेन्शियल आहे तुझ्या गाडीला, पाटे पूर्ण दबले की ते वर येते आणि इंजिनच्या चेंबरला लागते. गाडी उभी असताना जागा दिसते आणि पहिल्याच नाल्यात चेंबर फुटते. म्हणून पाट्याच्या बंपापर्यंत डिफरेन्शियल वर उचलून मग मोज. कँटरच्या चेंबरचा खोल भाग कोणत्या बाजूला आहे ते इंजिन घेतानाच पाहा, गरज पडली तर चेंबर कापून बनवता येते पण ऑइल पंपाची जाळी पण हलवावी लागते.

मग पंखा. चार सिलेंडर लांबीला कमी, म्हणजे इंजिन मागं धरून बसवलं तर पंखा रेडिएटरपासून वीतभर दूर राहते आणि नागपूरच्या मे महिन्यात ती गाडी दहा मिनिटांत उकळते. रेडिएटर मागं आण नाहीतर आवरण असं बनव की पंखा अर्धा त्याच्या आत आणि अर्धा बाहेर राहीन. आणि कोणी मिस्त्री म्हणेल थर्मोस्टॅट काढून टाक, गरम होणार नाही, तर त्याला हात लावू देऊ नको. डिझेल थंड चाललं तर धूर मारते आणि लायनर लवकर घासते.

अजून एक गोष्ट जी सगळे विसरतात. पेट्रोल इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होते, ब्रेक बूस्टर त्याच्यावर चालते. डिझेलमध्ये ते नसते. अल्टरनेटरच्या मागं व्हॅक्यूम पंप येते तोच घे, नाहीतर पहिल्याच उतारावर पाय दाबशील आणि गाडी थांबणार नाही. माझ्या डोळ्यासमोर हे झालेलं आहे, दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये, पोरगा वाचला पण पाय मोडला.

माउंटिंगचे रबर त्याच इंजिनचे घे. सेल्फ आणि अल्टरनेटर पण इंजिनसोबतचेच, आणि गाडीची जुनी वायरिंग किती व्होल्टची आहे ते बॅटरीच्या जागेवरून पाहून घे, आर्मीच्या गाडीत २४ पण असते. मी तर म्हणतो वायरिंग पूर्ण नवीन ओढ, जुनी जळायलाच टेकली असेल.

इंजिन घेताना एकट्यानं जाऊ नको. चालू करून घ्यायचं, थंड असताना. ऑइलचं झाकण उघडून हात धर, भकाभका धूर येत असला तर रिंग गेल्या. मला फोन कर, मी येतो सोबत, पैसे नको.

रेव्ह_लिमिट

काका मी हिंगण्याला डिप्लोमा करतो, आमच्या वर्कशॉपमध्ये डायल गेज आहे. सरांना विचारून बघतो, आणि ॲडॉप्टर प्लेटची ड्रॉइंग मी कॅडवर करून देऊ शकतो, दादा चालेल का? एमहॉकचं मी मागे घेतो, टर्बोचा हा विचार केला नव्हता.

वाडीचा_मिस्त्री

चालेल म्हणजे काय, ये बाप्पा. ड्रॉइंग करून खरादवाल्याला दिली तर तो पण नीट काम करते.

जोंगा_ताई

मळावाले दादा, एक राहिलं. मालवाहू नोंद आहे तर एनओसी मागताना तिथला टॅक्स बाकी आहे का ते आधी बघा, बाकी असेल तर भरल्याशिवाय एनओसी निघत नाही. आणि इंजिनाचा अर्ज देताना मिस्त्रीकाकांनी सांगितलेली मोजमापं, ब्रेकचं काम, ड्रॉइंग, सगळं जोडा. मोटार वाहन निरीक्षकाला दिसलं पाहिजे की काम विचारपूर्वक केलेलं आहे. परवानगी येईपर्यंत गाडी शेताच्या बांधाच्या आतच.

परवानगी नाहीच मिळाली तर मला कळवा, चांगल्या पेट्रोल ब्लॉकचा शोध घ्यायला मी मदत करते. जोंगावाले बरेच लोक डिझेल टाकून मूळ इंजिन काढून ठेवतात, जबलपूरकडे तर नक्की मिळेल.

संत्र्याचा_मळा

तीन आठवड्यांनी लिहून राहिलो, उशीर झाला.

एनओसीचा अर्ज दिला, थोडा टॅक्स निघाला तो भरला. इथल्या आरटीओत कँटर इंजिनासाठी लेखी अर्ज दिला, पोच घेतली, सोबत हिंगण्याच्या भावानं काढलेली ड्रॉइंग जोडली. उत्तर यायचं आहे. तोपर्यंत इंजिन विकत घेणार नाही, मिस्त्री काकांनी एक पाहून ठेवलं आहे, बिलवालं. नाही म्हणाले तर ताईंकडे ब्लॉकसाठी येणार.

रेशो आणि चेंबरखालची जागा मोजून काकांना पाठवली. पाटे दाबून मोजल्यावर जागा मी समजत होतो त्याच्या निम्मीच निघाली, त्यामुळे चेंबर बनवावं लागेल असं दिसते.

ब्रेकचे चारही ड्रम उघडले. मागच्या डाव्या बाजूचा सिलेंडर हातात घेतला तर पिस्टन निघालाच नाही, फोडावा लागला. बाकीचे स्लीव्ह होऊन आले. टँडम मास्टर बसवायला पेडलच्या ब्रॅकेटमध्ये थोडा बदल करावा लागला, तो फोटो उद्या टाकतो.

ईएमई काका, रिम दोन तुकड्यांचीच निघाली. बाबांनी माझ्याकडून लाल रंगाचा छोटा डबा मागवला. खुर्ची घेऊन एकेका चाकाजवळ बसले आणि स्वतः सगळे नट रंगवले, मला हात लावू दिला नाही. स्टेपनीचेसुद्धा. दुपारभर चाललं ते काम. संध्याकाळी माझ्या मुलाला जवळ बोलावून विचारलं, लाल कोणते, तो म्हणाला हे. याला हात लावायचा? तो म्हणाला नाही. मग उठून आत गेले.